एकत्र विवरणपत्रावर सही करण्यापूर्वी

लग्नानंतर पती-पत्नींनी प्राप्तिकराचे विवरणपत्र एकत्र भरले की कर आपोआप कमी होतो, असे म्हटले जाते. ते सरसकट खरे नाही. भारतात आणि ब्रिटनमध्ये पती-पत्नींची करआकारणी स्वतंत्रपणेच होते, तर अमेरिकेत ३१ डिसेंबरला विवाहित असलेल्या जोडप्याला संपूर्ण वर्षासाठी विवाहित धरले जाते आणि विवरणपत्र एकत्र भरायचे की वेगळे, हे त्यांना निवडता येते. दोघांच्या उत्पन्नात मोठी तफावत असल्यास तिथे एकत्र भरणे बहुधा फायद्याचे ठरते. मात्र अशा विवरणपत्रावर सही केल्यावर, जोडीदाराने दडवलेल्या उत्पन्नावरील करासाठीही साधारणपणे दोघेही जबाबदार धरले जातात, आणि मला हा मुद्दा बचतीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. म्हणून सहीपूर्वी दोघांनी एकमेकांची उत्पन्नाची कागदपत्रे आणि जुनी थकबाकी निःसंकोचपणे तपासावी.