'लॉबिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिनी: एका अमेरिकी लेखाचा अनुवाद करते आहे. वाक्य साधारण असं: सरकारचं धोरण लॉबिंग, विचारसरणी आणि निवडणुका यांतून घडतं. शेवटच्या दोन शब्दांची अडचण नाही, पहिल्यापाशी घोडं अडलंय. 'दबावगटांचे प्रयत्न' म्हटलं तर नागरिकशास्त्राचा तास आठवतो आणि 'वशिलेबाजी' म्हटलं तर शिवी होते.

खलबत्ता: मोर्चेबांधणी. पेपरवाले हाच वापरतात.

जुनापुराणा: तो मंत्रिपदासाठी नाहीतर तिकिटासाठी. किल्ल्याला वेढा घालताना मोर्चे बांधत, म्हणून काहीतरी काबीज करायचं असेल तिथे शोभतो. कायद्यातलं एखादं कलम बदलून घ्यायला मोर्चे कसले बांधता? 'फिल्डिंग लावणे' बदलीपुरतं आणि टेंडरपुरतं ठीक.

माझं मत 'रदबदली'ला. हिंदीत रद्दोबदल म्हणजे नुसता फेरफार. मराठीत मात्र कुणासाठी तरी वरिष्ठांकडे शब्द टाकणे, मध्यस्थी करणे. लॉबिंगमध्ये दोन्ही आलं: शब्द टाकायचा आणि फेरफार करून घ्यायचा. वशिल्याला चिकटलेला डागही याला नाही.

खलबत्ता: काका, शब्द झकास आहे. पण 'साखर रदबदली' कोण म्हणणार? 'साखर लॉबी' आमच्या आजीलाही कळतं.

बांधावरून: आजीला कळतं, पण शब्द चुकलाय! लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची जागा. येणाऱ्याजाणाऱ्या सभासदाला तिथे गाठून आपलं म्हणणं त्याच्या गळी उतरवायचं, ते लॉबिंग. अमेरिकेत हा राजरोस धंदा आहे. १९९५च्या कायद्याने नोंदणी करावी लागते, कुणासाठी आणि कशासाठी हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडे तसा कायदाच नाही.

आता साखर बघा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा ती खरोखर विचारसरणी होती: ऊस ज्याचा, कारखाना त्याचा. पुढे चेअरमन तोच आमदार, कधी मंत्रीसुद्धा. तो लॉबीत कशाला ताटकळेल? तो आत बाकावर बसलाय. दोन कारखान्यांत हवाई अंतर किती हवं? केंद्राचा दंडक १५ किलोमीटरचा, महाराष्ट्राने २५ केला. नवा कारखाना आला नाही तर कुणाचं फावतं ते सांगायला नको. त्यापेक्षा 'साखरसम्राट' हा जुना शब्द बरा, निदान खरं बोलतो.

लासलगावी: आणि आमच्या कांद्याला कुठला शब्द? डिसेंबर २०२३मध्ये एकाच आठवड्यात दोन हुकूम आले. उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आणि कांद्याची निर्यात बंद. इथेनॉलचा हुकूम आठवडाभरात सैल झाला, १७ लाख टन साखर वळवायला परवानगी मिळाली. कांद्याला ४ मे २०२४ उजाडला, तेही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लावून. आमच्याकडे मतदान २० मेला. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या (कारणं इतरही असतील, पण कांदा विसरून कुणी मत दिलं नाही). सप्टेंबरात विधानसभा तोंडावर आली, तेव्हा किमान मूल्य गेलं आणि शुल्क २०वर आलं.

आमच्यासाठी रदबदली करणारं कुणी नाही. आम्हाला एकच क्रियापद येतं: पाडणे. तुम्ही भाव पाडा, आम्ही उमेदवार पाडतो.

खलबत्ता: ते क्रियापद गिऱ्हाईकालाही येतं की. १९९८ला कांदा महागला आणि दिल्ली राज्यातलं सरकार गेलं.

लासलगावी: म्हणूनच तर आमची निर्यात बंद होते. दिल्लीला ते अजून आठवतंय.

जुनापुराणा: 'पाडणे' फार छान पकडलंत. भाव पडला म्हटलं की जसा पाऊस पडला. पाडला म्हटलं की लगेच 'कुणी?' हा प्रश्न आला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'उणे सबसिडी' (सरकारी धोरणानेच भाव पाडून शेतकऱ्याकडून उलटी वसुली) म्हणून सांगितलं ते हेच, पण त्याला दोन शब्द आणि भाषण लागायचं.

अनुवादिनी: लेख अमेरिकेचा, म्हणून 'लॉबिंग'च ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे रदबदली जोडते. आणि 'निवडणुका' या शब्दाची अडचण नाही म्हणाले होते, ते मागे घेते. 'पाडणे'वर उद्या वेगळा धागा काढते, लासलगावी, तुम्ही या.