पेंड्युलम लॅब: आवर्तकाल सूत्राशी जुळत नाही

प्रश्न: अकरावीला फेटचं (PhET, विज्ञानाच्या सिम्युलेशनची वेबसाइट) ‘पेंड्युलम लॅब’ दाखवतेय. लांबी १ मीटर, पृथ्वीचं गुरुत्व, घर्षण शून्य. आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याचा वेळ) 2π√(L/g) या सूत्राने २.०१ सेकंद येतो, इथे २.१५. बग आहे का?

उत्तर १: किती अंशांवरून सोडलात? ६०° असेल तर २.१५च बरोबर. सूत्रात साइन थीटा म्हणजेच थीटा (लंबकाचा उभ्या रेषेशी होणारा कोन, रेडियनमध्ये) असं धरलेलं असतं, ते लहान कोनापुरतंच चालतं. १०° ला फरक जेमतेम ०.२ टक्के.

प्रश्नकर्ती: ६०°च होता!

उत्तर २: मग हाच फरक मुलांना शोधू द्या. नंतर १०° वर ०.२ ते १ मीटर अशा पाच लांब्या घेऊन आवर्तकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढा, चढ ४.०२च्या आसपास येतो. वस्तुमान बदलण्याआधी अंदाज वहीत लिहून घ्या, नाहीतर नुसते स्लायडर ओढत बसतात.