ताज्या टॅटूवर कोरफड? जरा दमानं!
वरच्या एका कमेंटमध्ये कुणीतरी टॅटू काढल्यावर पहिल्याच दिवशी घरच्या कोरफडीचा गर लावायला सांगितलंय. थांबा जरा! ताजा टॅटू म्हणजे उघडी जखमच. पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो, त्याने कातडीची आग होते. मी हा शहाणपणा केलाय, रात्रभर हात धरून बसले होते. लावायचीच तर पापुद्रे सुटायला लागल्यावर, चीक पूर्ण निथळू देऊन, आणि आधी दुसरीकडे थोडी लावून बघून.

खोबरेल मला मानवलं, पण अगदी नखभर. तळव्यावर चोळून घ्यायचं आणि टॅटूवर नुसती चकाकी येईल इतकंच लावायचं. थापलं की खपली भिजून मऊ पडते, रंगासकट निघते. बाटलीत बोटं बुडवू नका. टी ट्री ऑइल (एका झाडाच्या पानांचं तीव्र तेल) पातळ न करता तर अजिबात नको. हळद? पिवळा टॅटू हवा असेल तर लावा :)

खरं काम कोमट पाणी आणि बिनवासाचा साबणच करतात. टिपून कोरडं करा, घासू नका. वरची कातडी भरायला साधारण २ ते ४ आठवडे जातात. लाली पसरायला लागली, पू झाला किंवा ताप आला तर तेलंबिलं बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.