‘फक्त दिसण्यापुरत्या’ वस्तूंची विक्री: आक्षेप नेमका कशावर घ्यावा?

उत्तररात्र (प्रश्न)

नमस्कार. ऑनलाइन मल्टिप्लेअर गेममधल्या खरेदीचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते. विकल्या जाणाऱ्या वस्तूमुळे हार-जीत बदलत नसेल, ती फक्त पात्राचे किंवा शस्त्राचे रूप बदलत असेल, तर तक्रारीला जागा नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याने घेऊ नये. आमच्या क्लॅनमधल्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटातल्या) बहुतेकांचे हेच मत आहे आणि ते एका वाक्यात खोडून काढता येईल असे मला वाटत नाही.

तरीही दोन गोष्टी सतत खटकतात. मी बरीच वर्षे खेळत असलेल्या एका गेममध्ये पूर्वी सर्वांत अवघड रेड (अनेकांनी मिळून पार करायची मोहीम) पूर्ण करणाऱ्यालाच सर्वांत देखणे चिलखत मिळत असे. आता देखणी चिलखते थेट दुकानात येतात आणि रेडमधून मिळते ते बहुधा जुन्याच साच्याला दिलेला नवा रंग असतो. दुसरी गोष्ट बॅटल पासची, म्हणजे ठरावीक मुदतीत (सीझनमध्ये) खेळून टप्प्याटप्प्याने वस्तू मिळवून देणाऱ्या विकतच्या पासची. सीझन संपत आला की आमचे अर्धे गडी खेळावेसे वाटते म्हणून नव्हे, तर पासमधले उरलेले टप्पे हातचे जाऊ नयेत म्हणून लॉग इन करतात, आणि त्या दिवसांत कोणाशी धड बोलणेही होत नाही.

माझा प्रश्न असा की रूपापुरत्या वस्तूंच्या विक्रीवर घेता येण्याजोगा खरा आक्षेप कोणता, आणि कोणता निव्वळ आवडीनिवडीचा? तसेच विनामूल्य गेम आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम यांना वेगळे माप लावावे काय?

खेळगडी

‘रूप बदलते, ताकद नाही’ ही कसोटी आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. ती वस्तू काय आहे एवढेच तपासते. ती कशी विकली जाते आणि तिच्या विक्रीमुळे आजूबाजूच्या गोष्टींचे काय होते, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

ऑनलाइन गेममधल्या पोशाखाला किंमत येते ती इतरांच्या नजरेमुळे. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले, तेव्हा त्यावर एवढी टीका होण्याचे एक कारण हेच होते की तो एकट्याने खेळायचा गेम होता आणि तो घोडा दुसऱ्या कोणाला दिसणारच नव्हता. याउलट ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये २००९ साली टोप्या आल्या, त्या खेळता खेळता अवचित मिळत; सप्टेंबर २०१० मध्ये त्याच गेममध्ये दुकान उघडले आणि जून २०११ मध्ये गेम विनामूल्य झाला. इतक्या थोड्या काळात टोपी ही खेळाची आठवण न राहता खेळाचे उत्पन्न झाली. हे शक्य झाले, कारण ती टोपी मॅचमधल्या प्रत्येकाला दिसत होती.

म्हणजे ऑनलाइन गेममधली रूपाची वस्तू काहीतरी सांगत असते. आपण उल्लेख केलेले जुने चिलखत ‘हा खेळाडू अमुक रेड पार करून आला आहे’ असे सांगत होते. तेवढीच किंवा त्याहून देखणी वस्तू विकत मिळू लागली की कोणाच्याही खेळात एका गुणाचाही फरक पडत नाही, पण त्या चिलखताचे सांगणे पुसट होते. माझ्या मते आपल्याला खटकणारी ही गोष्ट निव्वळ आवडीनिवडीची नाही. मल्टिप्लेअर गेममध्ये प्रतिष्ठा हासुद्धा खेळाचाच भाग असतो; विकासकांनी तो मुद्दाम घडवलेला असतो आणि विक्रीमुळे त्यात बदल झाला तर खेळात बदल झाला असेच म्हटले पाहिजे.

या संदर्भात ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयानांच्या गेममधला २०११ चा उठाव आठवण्यासारखा आहे. दुकानात आलेल्या, पात्राच्या डोळ्यावर लावायच्या एका एकाक्ष भिंगाची किंमत साठ डॉलरच्या वर जात होती आणि त्याने कोणाचेही जहाज अधिक बलवान होत नव्हते. तरीही खेळाडू जिता या व्यापारी केंद्रापाशी जमले आणि तिथल्या स्मारकावर गोळीबार करून त्यांनी निषेध नोंदवला. राग एकट्या किमतीवर नव्हता. ताकद देणाऱ्या वस्तूही विकाव्यात काय, याची चर्चा करणारे कंपनीचे अंतर्गत पत्रक त्याच सुमारास फुटले होते. आज फक्त रूप विकणारे उद्या काय विकतील, हा प्रश्न खेळाडूंनी विचारला आणि तो रास्त होता.

आता दुसरा आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो: दैवाच्या हवाली केलेली विक्री. ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ मध्ये ऑगस्ट २०१३ पासून शस्त्रांच्या स्किन (वरची रंगरूपे) आल्या. त्या ज्या पेट्यांत असतात त्या उघडण्याची किल्ली २.४९ डॉलरला मिळे. चीनच्या नियमांमुळे पुढे जाहीर झालेल्या शक्यतांनुसार चाकूसारखी अतिदुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे साधारण ३८५ पेट्यांमागे एक. केवळ किल्ल्यांचा हिशोब केला तरी सरासरी खर्च साडेनऊशे डॉलरच्या पुढे जातो. त्यातही सरासरी हा शब्द फसवा आहे, कारण ३८५ पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे सदतीस जणांच्या हाती एकही चाकू येणार नाही. त्या चाकूने शत्रूला अधिक इजा होत नाही हे खरे. परंतु पेटी उघडणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने ही बाब पूर्णपणे अप्रस्तुत आहे.

सर्व्हरघर

मी एका लहान गेम स्टुडिओत सर्व्हरचे काम पाहतो, म्हणून पैशाची बाजू मांडतो.

रूपाच्या वस्तू विकण्याची पद्धत केवळ लोभापोटी आली असे समजणे अन्यायाचे होईल. त्याआधी मल्टिप्लेअर गेम प्रकाशनानंतर कमाई करत ती प्रामुख्याने नव्या नकाशांचे संच विकून. त्याचा परिणाम असा होई की ज्यांनी संच घेतला ते एकीकडे, न घेतलेले दुसरीकडे, आणि काही महिन्यांत दोन्हीकडे मॅच भरण्यापुरतीही माणसे मिळेनाशी होत. ‘टायटनफॉल २’ ने २०१६ मध्ये नकाशे सर्वांना विनामूल्य दिले आणि पैसे फक्त रूपावर घेतले, तेव्हा खेळाडूंनी त्याचे स्वागतच केले होते. विनामूल्य गेममध्ये तर बहुसंख्य खेळाडू कधीच काही विकत घेत नाहीत. जे थोडे घेतात त्यांच्या खर्चावर सर्वांचे सर्व्हर, फसवणूक रोखणारी यंत्रणा आणि नवे सीझन चालतात. या व्यवस्थेत विकायचेच असेल तर रूप विकणे हा सर्वांत कमी हानीचा मार्ग आहे, असे मी आजही मानतो.

रेडमधले चिलखत फिके का पडते, याचे कारण मात्र सांगितले पाहिजे. एक चांगले चिलखत म्हणजे एका चित्रकाराचे काम नसते. संकल्पना, त्रिमितीय प्रतिकृती, प्रत्येक शरीरयष्टीवर ते बसवणे, धावताना-उडी मारताना ते अंगातून आरपार जात नाही ना हे तपासणे, यांत अनेक लोकांचे आठवडे जातात. दुकानातल्या चिलखताचे उत्पन्न तक्त्यात ठळक दिसते. रेडमधल्या चिलखतामुळे किती लोक टिकून राहिले, हे त्याच तक्त्यात दाखवणे फार कठीण असते. मग मनुष्यबळ कोणीकडे वळते हे वेगळे सांगायला नको. यासाठी कोणी दुष्ट हेतू बाळगावा लागत नाही, आणि म्हणूनच ते थांबवणे अवघड जाते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे. पूर्ण किंमत घेतलेल्या गेममध्ये त्या कामाचे पैसे खेळाडूने आधीच मोजलेले असतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट २’ बाबत जे घडले ते याचे टोकाचे उदाहरण होय. तिथे पेट्यांतून लढाईत उपयोगी पडणारी कार्डे मिळत होती, विरोध इतका झाला की जगभर प्रकाशन होण्याच्या आदल्या दिवशी खरेदी बंद करावी लागली, आणि मार्च २०१८ मध्ये रचना बदलून पैशाने फक्त रूप घेता येईल असे ठरवण्यात आले.

सावकाश चाल

वरील दोन्ही उत्तरे वाचली, तरी थोडा वेगळा सूर लावतो. विकत घेतलेल्या वस्तूत खेळाडूला निखळ आनंद मिळू शकतो, हे या चर्चेत निसटते आहे. ‘डोटा २’ मध्ये बॅटल पासच्या विक्रीतला २५ टक्के वाटा मुख्य स्पर्धेच्या बक्षिसांत जात असे आणि २०२१ ची एकूण रक्कम चार कोटी डॉलरच्या पुढे गेली. पास घेणाऱ्यांना आपण त्या स्पर्धेचा एक भाग आहोत असे वाटत असे, आणि ती भावना खोटी नव्हती. २०२३ मध्ये त्या स्पर्धेसाठी बॅटल पास काढणे सोडल्यावर बक्षिसांची रक्कम सुमारे तीस लाख डॉलरवर आली.

शिवाय दैवाचा भाग काढून टाकला म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. ‘ओव्हरवॉच’ च्या पेट्यांवर वर्षानुवर्षे टीका झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ ने त्या काढून थेट किंमत लावली, तेव्हा अनेक जुन्या खेळाडूंना पेट्याच बऱ्या होत्या असे वाटू लागले, कारण प्रत्येक नव्या लेव्हलला एक पेटी फुकट मिळत असे आणि पैसे न देणाऱ्याचा संग्रहही हळूहळू भरत जाई. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हा आहे की न विकत घेणाऱ्यासाठी खेळात काही मिळवण्याजोगे उरते की नाही.

उत्तररात्र

सर्वांचे आभार. ‘सावकाश चाल’ यांचा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन गोष्टी अजून विचारतो. बॅटल पासच्या मुदतीबद्दल कोणी बोलले नाही. मुदत नसलेला पास चालू शकतो का? आणि अल्पवयीन खेळाडूंबाबत ‘नको त्याने घेऊ नये’ हा युक्तिवाद कितपत टिकतो?

दुसरा कंट्रोलर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरात दोन मुले खेळतात आणि तो माझा रोजचा विषय आहे.

तो युक्तिवाद लहान मुलांबाबत टिकत नाही. घ्यावे की नको हे ठरवण्यासाठी किंमत कळावी लागते आणि गेममधली चलने किंमत धूसर करतात. समजा, एक पोशाख ८०० नाण्यांना आहे आणि नाणी ५०० किंवा १००० च्याच गठ्ठ्यात मिळतात. मग दोनशे नाणी उरतात, ती कशालाच पुरत नाहीत आणि पुढच्या खरेदीचे निमित्त बनतात. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघातील ग्राहक संरक्षण यंत्रणांनी या चलनांसंबंधी तत्त्वे जाहीर केली, त्यांत वस्तूची किंमत खऱ्या पैशातही स्पष्ट दाखवावी आणि नको असलेले चलन घेण्यास भाग पाडू नये, या अपेक्षा आहेत. मला हा आक्षेप लूटबॉक्सच्या, म्हणजे आत काय निघेल हे दैवावर असलेल्या पेट्यांच्या, आक्षेपाइतकाच मोठा वाटतो, कारण तो थेट विक्रीलाही लागू होतो. ‘फोर्टनाइट’ चे उदाहरण पाहा. त्याच्या निर्मात्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यातले साडेचोवीस कोटी खेळाडूंना परतफेड करण्यासाठी होते आणि त्यामागचा आरोप पेट्यांचा नव्हता. बटणांची मांडणी अशी होती की गेम लोड होत असतानाही एका दाबात नकळत खरेदी होई, असा तो आरोप होता. वस्तू मात्र बहुतेक रूपाच्याच होत्या.

लूटबॉक्सबाबत देशोदेशी एकमत नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सशुल्क पेट्यांना जुगार ठरवले. नेदरलँड्समध्ये मात्र एका कंपनीला ठोठावलेला एक कोटी युरोचा दंड मार्च २०२२ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने रद्द केला. चीनने २०१७ पासून आणि दक्षिण कोरियाने मार्च २०२४ पासून शक्यता जाहीर करण्याची सक्ती केली आहे. शक्यता छापल्याने प्रौढ माणूस कदाचित सावध होईल. दहा वर्षांच्या मुलाला ०.२६ टक्के म्हणजे काय हे उमगत नाही, आणि पेटी उघडतानाची ती फिरणारी पट्टी नेमकी चाकूच्या शेजारी थांबली की त्याला ‘थोडक्यात हुकले’ एवढेच कळते. मी तर घरात कार्डची माहिती एकाही खात्यावर साठवून ठेवत नाही.

मुदतीबाबत: मुदत नसलेले पास चालतात. ‘हेलो इन्फिनिट’ ने २०२१ मध्ये पैसे देऊन घेतलेला पास कधीच संपत नाही अशी रचना आणली, तर ‘हेलडायव्हर्स २’ मधले संचही संपत नाहीत आणि ते घेण्यासाठी लागणारे चलन मोहिमांत सापडते. ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ चा सीझनचा पास तर फुकट आहे. खुद्द ‘फोर्टनाइट’ ने २०२४ मध्ये जाहीर केले की नव्या पासमधल्या वस्तू अठरा महिन्यांनंतर दुकानात परत येऊ शकतील.

उत्तररात्र

हे परत आणणे मला पटते, पण मग ज्यांनी तो सीझन खरोखर खेळून ती वस्तू मिळवली त्यांचे काय? ‘खेळगडी’ यांनी म्हटल्याप्रमाणे वस्तूचे सांगणे पुन्हा पुसट होणार.

खेळगडी

त्यासाठी वस्तू कुलूपबंद ठेवण्याची गरज नाही. पोशाख सर्वांना मिळू द्यावा आणि मूळ सीझनमध्ये मिळवणाऱ्याच्या नावापाशी त्या सीझनचे चिन्ह किंवा उपाधी द्यावी, जी कोणत्याही किमतीला विकली जाणार नाही. रेडच्या चिलखताबाबतही हेच करता येईल: दुकानातली आणि रेडमधली शैली वेगळी ठेवावी, एका नजरेत ओळखू येईल इतकी वेगळी, आणि रेडच्या शैलीतले काहीही दुकानात आणू नये. आपल्या क्लॅनने विकासकांना पत्र लिहायचे ठरवले तर मागणी एवढीच ठेवावी, असे मी सुचवेन. दुकान बंद करा म्हटले तर ‘सर्व्हरघर’ यांनी सांगितलेला हिशोब पुढे येईल. ही मागणी त्या हिशोबात बसते आणि तिला नकार द्यायचा झाला तर कारण सांगावे लागेल.