ड्युटी नाही केली तर २००० रुपये: टॉवरात कार्यकर्ते कुठून आणायचे?

तिसरा_मजला
आमची गिरगावातली चाळ पाडून टॉवर झाला, त्याला चार वर्षं होतील. जुनी बिऱ्हाडं खालच्या मजल्यांवर, वर विक्रीच्या फ्लॅटांत नवी माणसं. गणपती बसतो, पण रात्री मांडवात जागायला माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी विसर्जनाला ट्रॉली ओढायला सात जण होतो. सात! त्यातले दोघे साठीच्या पुढचे. म्हणून परवाच्या सभेत ठराव आला: उत्सवात दर घरामागे एकाने दोन ड्युट्या करायच्या, नाहीतर मेंटेनन्सच्या बिलात २००० रुपये लावायचे.

माझा विरोध आहे. चाळीत आम्ही कोणी थोर समाजसेवक नव्हतो. गॅलरी एक होती, नळ एक होता. सकाळी संडासाच्या रांगेत चिटणीस गाठायचा आणि म्हणायचा, "रात्री मांडवात ये रे." हातात डबा धरून 'नाही' म्हणून दाखवा! मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली इथल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत बसला, हा मला योगायोग वाटत नाही. दार उघडलं की माणसं दिसायची. आता लिफ्ट दिसते.

२००० लावले की लोक २००० भरतील आणि ताठ मानेने निघून जातील. आज लाजेकाजेस्तव खाली येतात तेही सुटतील.

माजी_खजिनदार
लाजेवर मांडव उभा राहत नाही हो. रात्री तीनला समईत तेल कोण घालणार, ते सांगा. दरवर्षी तीच पाच पोरं राबतात आणि पंचावन्न जण बाप्पाचा फोटो स्टेटसला लावतात. त्या पाचांतल्या एकाची परीक्षा होती, तरी उभा होता. त्याच्यावर अन्याय होतो तेव्हा तुमची तत्त्वं कुठे असतात? पैसे आले तर दोन वॉचमन ठेवता येतील. ठरावाला माझा पाठिंबा.

माहेरवाशीण
तुम्ही दोघेही बिल्ला लावलेल्यांबद्दलच बोलताय. आमच्या चाळीत सत्यनारायणाचा शिरा, महाप्रसादाच्या पुऱ्या, हळदीकुंकवाची सगळी मांडामांड बायकांकडे. माझ्या आईने तीस वर्षं पुऱ्या लाटल्या, तिला 'कार्यकर्ती' कोणी म्हटलं नाही आणि 'जमणार नाही' म्हणायची सोयही नव्हती. संडासाच्या रांगेचा विनोद छान आहे, पण तिच्यासाठी तो दंडच होता, फक्त पावती मिळत नव्हती. आता महाप्रसाद केटररकडून येतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा आई 'घालीन लोटांगण' होईपर्यंत मांडवात उभी होती. मला त्या जुन्या एकोप्याचे उमाळे येत नाहीत.

कलमबहाद्दर
ठराव टिकणारच नाही. सोसायटी वेगळी, मंडळ वेगळं. वर्गणी ऐच्छिक असते आणि ती लोकांकडून गोळा करायला नोंदणी नसलेल्या मंडळांना धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खाली परवानगी लागते. ती मेंटेनन्सच्या बिलात घुसवलीत आणि एकाने उपनिबंधकाकडे अर्ज टाकला, की कमिटी वर्षभर खुलासे लिहीत बसेल. शिवाय इमारतीत सगळे गणपतीवालेच असतात का?

वरळीकर
आमच्या वरळीच्या बीडीडी चाळींत पुनर्विकासानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात. आई रडली, आनंदानेच. पण पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "शेजारी कोण खोकतंय ते कळत नाही." चाळीत मध्यरात्री कोणाला हॉस्पिटलात न्यायचं असलं तर हाक मारायचीही गरज नव्हती, भांड्याचा आवाज झाला तरी चार जण दारात. ही सेवा कोणत्या ड्युटीच्या तक्त्यात बसवणार? मी तिसरा_मजलाच्या बाजूने.

अठरावा_मजला
'वरची नवी माणसं' म्हणजे मी. मूळची नाशिकची. चार वर्षांत माझ्या दारात मंडळाची माणसं चारदा आली, चारही वेळा पावतीपुस्तक घेऊन. "ताई, १००१ लिहू ना?" संपलं. 'खाली या' असं एकदाही कोणी म्हटलं नाही. मी रक्तपेढीत काम करते. २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला, तेव्हा वाटलं होतं की अशा ठिकाणी राहायला मजा येईल. शिबिराबद्दल मी इथल्या कमिटीला दोनदा मेल केला. उत्तर नाही. आणि आता ड्युटी केली नाही म्हणून दंड?

तिसरा_मजला
@अठरावा_मजला, मेल कमिटीच्या पत्त्यावर गेला असेल, तो कोणीच उघडत नाही. इथे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, आणि तो ग्रुप फक्त जुन्या रहिवाशांचा आहे. लिहितानाच ओशाळल्यासारखं झालं.

@माहेरवाशीण, पुऱ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडेही आईच लाटायची.

माजी_खजिनदार
ग्रुपमध्ये घेतलं की माणसं येतात हा भ्रम आहे. आमच्या ग्रुपात २१० जण आहेत, मांडव बांधायला नऊ आले. मी ठरावाच्या बाजूनेच.

तिसरा_मजला
आणि मी विरोधातच. शनिवारी रात्री दहाला पार्किंगमध्ये बांबू उतरणार आहेत. अठराव्या मजल्यावरच्या ताई, जमलं तर या. शिबिराचं तिथेच बोलू.

अठरावा_मजला
येते. पावतीपुस्तक नको.

माजी_खजिनदार
दहा म्हणजे साडेअकरा, ताई. जेवून या.