अंतराची तारीख आणि उसाचा फड

‘गर्भनिरोधक साधने आरोग्य उपकेंद्रात मोफत मिळतात, बायकाच येत नाहीत’ असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. वाळवा तालुक्यातील आमच्या शिवारात बीडहून येणाऱ्या ऊसतोड टोळीतील बाई पहाटेच फडात उतरते आणि ट्रॅक्टर भरल्यावर खोपीवर परतते, तोवर उपकेंद्राला कुलूप लागलेले असते. गेल्या जानेवारीत अशाच एकीने पाचटात खोचून ठेवलेले ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनचे कार्ड मला दाखवले. तारीख उलटून दहा दिवस झाल्याने आता इंजेक्शन चालणार नाही, असे तिने ठरवूनच टाकले होते. वास्तविक दर तीन महिन्यांनी घ्यायचा हा डोस तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत देता येतो, पण कार्ड देताना तिला ते कोणी सांगितलेच नव्हते. नर्सताईंनी डोस देऊन त्याच कार्डावर पुढची तारीख लिहिली, ती नेमकी पट्टा पडल्यानंतरची, म्हणजे गाळप हंगाम संपून टोळी गावी परतल्यावरची.