'हीटरच्या मागे' म्हणजे आधी की नंतर?

अलिबागजवळच्या आमच्या घरी पोहण्याचा छोटा तलाव आहे, मिठापासून क्लोरीन करणाऱ्या यंत्रणेचा. तिच्यातला, विजेवर क्लोरीन तयार करणारा भाग म्हणजे सेल. यंत्रणा बसवताना मी प्लंबरना फोनवर सांगितलं, "सेल हीटरच्या मागे घ्या." माझ्या डोळ्यांपुढे रांग होती: हीटर पुढे, सेल त्याच्या मागे, म्हणजे पाणी आधी हीटरमधून जाणार. त्यांनी ते आधी सेलमधून नेलं. दीड वर्षात हीटरमधलं तांब्याचं वेटोळं गळू लागलं.

भाषेच्या दृष्टीने ते चुकले असं मला म्हणवत नाही. 'तो माझ्या मागे उभा आहे' म्हणजे त्याचा नंबर नंतर. 'मागे एकदा आलो होतो' म्हणजे आधी. आता देखभाल करणाऱ्यांसाठी मराठीत पाटी करायची आहे. कोणते शब्द वापरू?

प्रतिसाद १
दादा, साइटवर आम्ही मागे-पुढे म्हणतच नाही. तलावापासून पंपापर्यंत सक्शन, पंपानंतर डिलिव्हरी. डिलिव्हरीवर फिल्टर, मग हीटर, मग एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) आणि सगळ्यात शेवटी सेल. सेलमधून निघणाऱ्या पाण्यात क्लोरीन सगळ्यात जास्त असतं, ते तांब्याला खातं. पंप थांबला की तेच पाणी उलटं सरकू शकतं, म्हणून मध्ये एनआरव्ही. सेलमध्ये हायड्रोजनही तयार होतो, तेव्हा पाणी वाहत नसेल तर सेल बंदच राहायला हवा; फ्लो स्विच त्यासाठीच असतो, तो काढून जोडणी करू नका.

'सेल' ऐकून लोक बॅटरीचा सेल समजतात. हा उलटा आहे: वीज देत नाही, घेतो. शाळेत विद्युत अपघटन शिकलो, त्यातला 'घट' तो हाच.

प्रतिसाद २
नदीकाठच्या गावांत यासाठी नेमके शब्द आहेत: वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला भरायचं, धुणं खालच्या अंगाला. तुमचा सेल हे धुणं आहे, म्हणून तो हीटरच्या खालच्या अंगाला. मला हे शब्द फार आवडतात, ते जपायला हवेत.

प्रतिसाद १
शब्द सुंदर आहे ताई, पण पंपाच्या खोलीत पाइप वरखाली फिरतात. 'खालच्या अंगाला' वाचून कुणीतरी सेल जमिनीलगत बसवेल.

प्रतिसाद ३
पाटीवर 'खाऱ्या पाण्याचा तलाव' लिहू नका, एवढं माझं ऐका. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, या तलावांत साधारण ३ ते ३.५ ग्रॅम. कोकणात खाडीजवळच्या विहिरीच्या अशा पाण्याला 'मचूळ' म्हणतात. 'खारं' वाचून कुणी मिठाच्या गोणीवर गोणी ओतेल. आणि 'क्लोरीनमुक्त' तर मुळीच नको, क्लोरीन तिथेच तयार होतं.

मूळ प्रश्नकर्ता
'मचूळ' घेतो. आमच्या आजीच्या तोंडचा शब्द, मला कसा आठवला नाही! क्रमासाठी असं लिहिलंय: "पाणी पंपातून फिल्टरमध्ये, तिथून हीटरमध्ये, तिथून एनआरव्हीतून सेलमध्ये, तिथून तलावात." 'तिथून' म्हटलं की वाचणारा कुठे उभा आहे, याने काही बिघडत नाही. प्रत्येक वस्तूवरचा प्रवाहाचा बाणही लाल रंगाने ठळक करून घेतोय.